फटाका पुढून की मागून?

ज्याला गाडीतलं काहीही कळत नाही, असा माणूससुद्धा एक गोष्ट हमखास सांगू शकतो: गाडीनं फटाका कुठून फोडला, पुढून की मागून. मला मात्र वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, आळेफाट्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावलेल्या गॅरेजमध्ये, तेवढंच सांगता येईनासं झालं होतं. आणि ते मी जवळजवळ दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. त्याच दोन वर्षांत पंचक्रोशीत माझं नाव आणखी मोठं झालं, हा त्यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग.

आधी फटाका म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे माझी फजिती नीट समजेल. हल्लीच्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं ते आतला कॉम्प्युटर ठरवतो. जुन्या गाड्यांत हे काम कार्बोरेटर करायचा. इंजिन त्याच्या तोंडातून हवा ओढतं, जाता जाता ती हवा एका बारीक भोकातून पेट्रोलचा फवारा उचलते, ते मिश्रण आत दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते, भडका होतो आणि गाडी पुढं सरकते. चुलीसारखंच आहे. लाकूड आणि वारा यांचं जमलं की चूल बिनबोभाट जळते. नाही जमलं, तर एक तर जाळ चुलीच्या तोंडातून बाहेर येऊन फुंकणाऱ्याच्या भुवया जाळतो, नाहीतर न जळालेला धूर धुराड्यात जाऊन तिथं भडकतो. कार्बोरेटरच्या तोंडातून येतो तो पुढचा फटाका. सायलेन्सरमधून येतो तो मागचा. पुढचा असेल तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडतंय, कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय, किंवा ठिणगी अवेळी पडतेय. मागचा असेल तर पेट्रोल जास्त होतंय, ठिणगी मधूनच चुकतेय, किंवा सायलेन्सरची नळी कुठं तरी उघडी पडलीय. आजार वेगळे, औषधं वेगळी. म्हणून पहिला प्रश्न हाच. तो चुकला की पुढचं सगळं चुकतं, आणि नुसतं चुकत नाही, सुटं होऊन फडक्यावर मांडलेलं असताना चुकतं.

भुवयांचं उदाहरण मी उगाच दिलेलं नाही. मंचरला काम शिकत होतो तेव्हा एका मोटारीच्या प्लगच्या चार वायरी काढून परत लावताना त्यातल्या दोन मी एकमेकींच्या जागी लावल्या. मग कार्बोरेटरमध्ये डोकं घातलं आणि मालकाला ऐटीत म्हणालो, "मारा सेल्फ." त्यानं मारला. कार्बोरेटरनं माझ्या तोंडावर एकच फटाका फोडला आणि दोन्ही भुवया घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी आंबेगाव तालुक्यात कळंबला मुलगी बघायला जायचं होतं. बहिणीनं काजळानं मस्त भुवया काढून दिल्या. चैत्रातलं ऊन, पत्र्याचं छप्पर. पोहे येईपर्यंत डावी भुवई गालावर आली होती. मुलीनं बशी पुढं केली, एकदा नीट बघितलं आणि आत गेली. तीच आमची मंगल. लग्नानंतर म्हणाली, "मला वाटलं, एवढा नटून आलेला माणूस बायकोला तरी जपंल."

म्हणजे चुकण्याचा मला सराव आहे. ओतूरच्या एका गुरुजींची स्कूटर सांगतो. ती आठवडाभर गुणी बाळासारखी चालायची आणि बाजारच्या दिवशी घरी जाताना मागून फटाके फोडायची. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणली की ठणठणीत. मी प्लग बदलला, ठिणगीचे पॉइंट घासले, कार्बोरेटर दोनदा धुतला. प्रत्येक वेळी गुरुजी आनंदानं जायचे आणि पुढच्या बाजारानंतर दुःखानं यायचे. शेवटी ते एकदा बाजार करून थेट गॅरेजलाच आले. मी बघतो तर सीटखाली पुढच्या बाजूला चोकची जी मूठ असते, तिला दोन किलो कांदे, कोबी आणि नारळाची पिशवी टांगलेली! चोक ओढला की इंजिनात पेट्रोल जास्त जातं, ते सकाळी गार इंजिन चालू करण्यापुरतं. गुरुजींचा चोक कोबीनं ओढून धरला होता.

"गुरुजी, इथं पिशवी लावतात होय?"

"मग ही मूठ कशाला दिलीय?"

पिशवी काढली, फटाके बंद. मी तीन आठवडे स्कूटर तपासत होतो, बाजार तपासायला हवा होता.

पण या चुका सगळ्या माणसासारख्या होत्या. कानाची गोष्ट वेगळी.

उजवा कान कधी गेला ते मला कळलंच नाही. फोन आपोआप डाव्या कानाला जायला लागला. मंगल काही म्हणाली की मी "हो" म्हणायचो, मग तिच्या तोंडाकडे बघून ठरवायचो की "नाही" म्हणायला हवं होतं. एका कानानं आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतो हे समजत नाही, ही गोष्ट ज्याचा कान गेलाय त्यालाच कळते. ज्या बाजूला ऐकू येतं, सगळं जग त्याच बाजूला बोलतंय असं वाटतं.

भीती अशी होती की आमचे वडील शेवटची दहा वर्षं ठार बहिरे होते. ओट्यावर बसून सगळ्यांच्या सगळ्या बोलण्यावर सारखंच हसायचे. कुणी वारल्याचं सांगितलं तरी हसायचे. मी स्वतःला त्या ओट्यावर बघायला लागलो. फिटरचे हात थरथरले तरी चालतं, चष्मा लागला तरी चालतं. पण माझं सगळं दुकान कानावर होतं. लोक दुरून गाडी आणायचे ते, "तो नुसतं ऐकून सांगतो" म्हणून. कान गेला असेल तर शटर ओढायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. म्हणून डॉक्टरकडे गेलो नाही. डॉक्टर नक्की काय ते सांगेल, हीच तर भीती.

वर स्वतःची समजूत काढायला एक पुरावाही होता. आम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो आणि दांडा कानामागच्या हाडाला लावतो. आतली खडखड डोक्यात ऐकू येते. उजव्या बाजूला दांडा लावला की मला लख्ख ऐकू यायचं. डाव्यापेक्षाही जास्त! मी म्हणायचो, बघ, कान शाबूत आहे, तुझं आपलं काहीतरीच.

आणि धंद्यात एक युक्ती काढली. गाडी आली की गिऱ्हाइकाला मोठ्या आदरानं विचारायचं, "तुमच्या मते फटाका पुढून की मागून?" आजवर कुठल्या फिटरनं कुणाचं मत विचारलंय? लोक हरखून जायचे. दहा जणांतले आठ बरोबर सांगायचे. मी मान डोलवायचो, "बरोब्बर ओळखलंत," आणि कामाला लागायचो. गावोगाव झालं, की आळेफाट्याचा फिटर भारी नम्र आहे, आधी गिऱ्हाइकाचं ऐकून घेतो. ऐकून घेतो! राहिलेल्या दोघांचे कार्बोरेटर मी विनाकारण उघडले, त्याची मला अजून लाज वाटते.

मग खंडूमामा आले.

खंडूमामांची मेंढरं दरवर्षी कांदा निघाल्यावर आमच्या बोरी बुद्रुकच्या रानात बसायला येतात. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, हा आमचा त्यांचा जुना व्यवहार. पूर्वी त्यांचा संसार घोडीवर असायचा. मामींचे गुडघे गेल्यावर मामांनी एक जुनी पेट्रोल जीप घेतली. वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलला की जीपमध्ये मामी, भांडी आणि चालता न येणारी कोकरं. बाकीची मेंढरं मागून पायी. त्या वर्षी जीप फटाके फोडायला लागली आणि प्रत्येक फटाक्याला मेंढरं उधळायला लागली. आळेफाट्याजवळ सगळा कळप एकदम हायवेवर गेला, ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून निभावलं.

"फिटर," मामा म्हणाले, "आवाज बंद व्हत नसंल तर जीप मोडीत घालतो. पर मग म्हातारीला ठिवू कुटं? तिला वाड्याबिगर करमत न्हाई."

मी नेहमीच्या आदरानं विचारलं, "मामा, तुमच्या मते फटाका पुढून की मागून?"

"फिटर तुमी का मी?"

"तसं नाही, पण तुम्ही रोज चालवता—"

"मेंढरू आजारी पडलं तर मी मेंढराला इचारतो व्हय, कुटं दुकतंय म्हून?"

संपली माझी युक्ती. मी जीप चालू केली, बाजूला उभा राहिलो, अ‍ॅक्सिलरेटरची वायर ओढून इंजिन जोरात फिरवलं आणि एकदम सोडलं. फाट्! मला पुढून वाटलं. ठामपणे म्हणालो, "पुढून," आणि कार्बोरेटर उतरवला. धुतला, जेट, म्हणजे पेट्रोलचं ते बारीक भोक, फुंकलं, बसवला. मामा गेले आणि दुसऱ्या दिवशी आले. फाट्! परत उतरवला. तिसऱ्या दिवशी परत आले. उतारावर पाय उचलला की फटाका फुटतो, असंही सांगत होते. खरं तर एवढं ऐकल्यावर शिकाऊ फिटरसुद्धा सायलेन्सरकडे जाईल. उतारावर पाय उचलल्यावर फुटणारा फटाका बहुतेक मागचा असतो, हे मीच दुसऱ्यांना शिकवलेलं. पण मला माझा कान अजून खरा आहे हे सिद्ध करायचं होतं. त्यापुढं अक्कल कोण विचारतो.

तिसऱ्या दिवशी कार्बोरेटर बसवून मी जीपच्या ड्रायव्हरच्या अंगाला उभा राहून इंजिन सोडलं. फाट्!

"आता मागून वाटतोय," मी म्हणालो.

मामा इतका वेळ दगडावर बसून होते. उठले. "फिटर, एक करा. त्या अंगाला जाऊन उबं ऱ्हावा."

मी पलीकडे गेलो. मामांनी इंजिन सोडलं.

"आता?"

"पुढून."

"या अंगाला या."

"...मागून."

मामांनी काठीवर हनुवटी टेकली. "तीन दिवस बगतोय. त्या अंगाला उबं ऱ्हायलं की पुडून, या अंगाला उबं ऱ्हायलं की मागून. आवाज जागा बदलत न्हाई, पावणं. तुमी बदलताय."

हे वाचणाऱ्यानं एकदा मनात करून बघावं. गाडीकडे तोंड करून ड्रायव्हरच्या बाजूला उभं राहिलं की डाव्या हाताला गाडीची मागची बाजू येते. पलीकडे गेलं की डाव्या हाताला पुढची. माझं सगळं निदान डाव्या हाताला होत होतं.

"डोळं मिटा," मामा म्हणाले. "मी जिब वाजवतो. कुटनं वाजली, बोटानं दावा."

शेजारी चहाच्या टपरीवरची चार माणसं कप घेऊन पुढं आली. मी डोळे मिटले. टॉक्. मी डावीकडे दाखवलं. टॉक्. डावीकडे. लोक हसायला लागले. टॉक्. डावीकडे. टॉक्. परत डावीकडे. पाचव्या वेळी मी हुशारी केली आणि उजवीकडे दाखवलं. नेमके तेव्हाच मामा डावीकडे उभे होते.

टपरीवाला म्हणाला, "भाऊ, आंधळी कोशिंबीर लई भारी खेळता राव!"

मी डोळे उघडले तर मामा अगदी जवळ होते. एवढा हलका आवाज मी त्या माणसाचा कधी ऐकला नव्हता. माझ्या डाव्या कानाशी येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "उजवा बंद हाय तुमचा." मग लोकांकडे वळून मोठ्यानं, "जावा रं, च्या गार व्हतोय. फिटर आन् माजी पैज व्हती, मी जितलो."

दोन वर्षं जे मी बायकोपासून लपवलं, ते त्यांनी चार माणसांपासून लपवलं.

मग त्यांनीच डोळे मिटले. "सोडा इंजिन." फाट्! "परत." फाट्! "फिटर, ह्यो पुडनं बी न्हाई आन् मागनं बी न्हाई. मदनं येतोय. गाडीच्या पोटाखालनं."

मी जीपखाली सरपटत गेलो. इंजिनाकडून येणारी नळी सायलेन्सरच्या नळीला जिथं जोडतात, तिथलं पॅकिंग जळून गेलं होतं आणि जोडावर काजळीचा काळा पट्टा उमटला होता. तिथून बाहेरची हवा आत शिरायची, उतारावर पाय उचलला की न जळालेलं पेट्रोल तिथं पोचायचं आणि दोघांची गाठ पडून फटाका. काजळी हातभर लांब, डोळ्यांना ढळढळीत दिसणारी. मी तीन दिवस वरून ऐकत बसलो होतो.

पॅकिंग बदललं, नट आवळले. मामी आणि कोकरांना मागं बसवून आम्ही आळेखिंडीच्या उतारावर गेलो. मामांनी पाय उचलला. नुसता टायरचा आवाज, आणि मागून एक कोकरू ओरडलं. ते मला अर्थातच डावीकडून ऐकू आलं. मामी म्हणाल्या, "आता मी वाड्याबरूबर येनार." त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

परत रानात आल्यावर मामांनी मला खाली बसवलं, माझं डोकं मेंढराचं धरतात तसं दोन गुडघ्यांत दाबलं आणि मोबाइलच्या बॅटरीनं कानात बघितलं.

"काय करताय मामा?"

"मेंढरू आयकंनासं झालं की आमी आदी कान बगतो. गोचीड आसती. हालू नका... गोचीड न्हाई. पर आत काळं बूच बसलंय. डाक्टरला दावा."

मंगल कांद्याच्या चाळीजवळ उभी राहून हे सगळं बघत होती. "मामा, मी दोन वर्षं बोंबलतेय. मला वाटलं, मुद्दाम करत्यात."

नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा वाजवला आणि त्याचा दांडा माझ्या उजव्या कानामागच्या हाडाला टेकवला. "ऐकू येतंय?"

"लख्ख."

मग तोच कानासमोर धरला. "आता?"

"नाही."

"म्हणजे आतलं यंत्र बहुधा ठीक आहे. वाटेत काहीतरी अडलंय."

हाच तर माझा स्क्रू-ड्रायव्हर! दोन वर्षं मी स्वतःची तपासणी करत होतो, उत्तरही बरोबर येत होतं, आणि त्याचा अर्थ मला कळत नव्हता. ठिणगी पडतेय आणि पेट्रोल येत नाही, म्हणजे जेट तुंबलंय. हे कुठल्याही गाडीत मी झोपेत सांगितलं असतं.

बाईंनी थेंब दिले. चार दिवस घालायचे, मग धुवायचं. "पण पडदा कसा आहे ते सगळं निघाल्यावरच कळेल," असंही म्हणाल्या. ते चार दिवस मी गॅरेजला गेलो नाही. ओट्यावर बसायचो आणि कुणी बोललं की मुद्दाम हसायचो नाही. ऐकू आलं तर लेण्याद्रीच्या पायऱ्या चढेन, असं मनातल्या मनात म्हणालो. मंगलच्या मते मी ते ओरडून म्हणालो होतो. आपला आवाज केवढा लागतोय ते मला कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी बाईंनी मोठ्या पिचकारीनं कोमट पाणी मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कानात काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि ट्रेमध्ये एक काळी गोळी पडली. त्यांनी चिमट्यानं उकलली. मळ, ग्रीस, आणि मधोमध सुताची गुंडाळी. हात पुसायचं सूत! कधी तरी सायलेन्सर नसलेल्या गाडीवर काम करताना मी कानात बोळा घातला असणार आणि एकाच बाजूचा काढला असणार.

"अहो, हे किती दिवस आत आहे?"

मला उत्तर द्यायला वेळ नव्हता. उजवीकडे वर कुठं तरी कुरकुर चालली होती. उजवीकडे! मी बोट वर केलं. "डॉक्टर, तुमच्या पंख्याचं बुश गेलंय."

बाई हसल्या. "पडदा उत्तम आहे."

मी तिथंच रडलो असतो, पण मंगल बघत होती.

लेण्याद्रीला गेलो. मी पुढं, ती मागं. निम्म्या पायऱ्यांवर ती हळूच पुटपुटली, "दोन वर्षं मला या माणसाला मनासारखं बोलता येत व्हतं."

मी मागं न बघता म्हणालो, "आता जपून."

ती एवढी हसली, की वरून उतरणारी माणसं बाजूला झाली.

ज्यांचे कार्बोरेटर फुकट उघडले होते, त्यातले जे आठवले त्यांना मी सांगून टाकलं. एक जण म्हणाला, "तरीच म्हटलं, तुमच्याकडं आणायच्या आधी गाडी बरी चालायची." आता कार्बोरेटरवाली गाडी महिन्यातून एखादी येते. नव्या गाडीला वायर जोडली की पडद्यावर आजाराचा आकडा उमटतो. कान लागत नाही. पण जुनी आली की मी अजून गिऱ्हाइकाला विचारतो, पुढून की मागून, आणि दोन्ही अंगांना उभं राहून बघतो. शिवाय आधी वाकून गाडीच्या पोटाखाली नजर टाकतो.

यंदा कांदा निघाल्यावर मामा आले तेव्हा मी एका इंजिनात डोकं घालून बसलो होतो. जीपचा आवाज ऐकू आला नाही, इतकी ती गुणी झालीय. पाठीमागं कुठं तरी जीभ वाजली. टॉक्.

मी डोकं वर न काढता, ग्रीसनं भरलेलं बोट उजवीकडे मागं केलं.

मग काठी दगडाला टेकल्याचा आवाज आला आणि मामा म्हणाले, "च्या सांगा, फिटर."